खुरसापाशी पालथा ग्लास

गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला दोन विषयांचा कायमचा कंटाळा येतो. एक, खाणी कधी सुरू होणार. आणि दुसरा, ब्लॅक मास. खाणींचं निदान काहीतरी होतं. बंद पडतात, सुरू होतात, पुन्हा बंद पडतात. ब्लॅक मासचं कधीच काही होत नाही. कुठल्यातरी पडक्या बंगल्यात किंवा किनाऱ्यावर कुणी गोरे लोक जमतात, क्रूस उलटा टांगतात आणि मीसची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, विटंबना करतात. पवित्र पाव तुडवतात, दारूऐवजी रक्त पितात, प्रार्थना उलटी म्हणतात. पाहिलेलं कुणीच नसतं. सांगणाऱ्याच्या मेहुण्याच्या मित्राने पाहिलेलं असतं.

डिचोलीला बातमीदार होतो तेव्हा एकदा फोन आला, की बंद खाणीच्या ओसाड कचेरीत काळ्या मेणबत्त्या सापडल्यात, भिंतीवर कसल्यातरी खुणा आहेत. लाल धूळ खात गेलो. मेणबत्त्या साध्याच होत्या. वीज गेल्यावर चौकीदाराने लावलेल्या, आणि धुळीने-काजळीने त्यांचा रंग गेलेला. भिंतीवर त्याचे मटक्याचे आकडे होते. मी तसं लिहून पाठवलं. छापून आलं ते 'खाण परिसरात संशयास्पद मेणबत्त्या'. त्या वेळी मी आठवडाभर चिडून होतो. आता तसं चिडायचं म्हटलं तरी अंगात त्राण नाही.

निवृत्त झाल्यावर पेडण्यातल्या चोपड्याला घरी येऊन राहिलो. घरात मी, वहिनी आणि तिचा मुलगा. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे माझ्या पानात काय पडावं हे वहिनीच ठरवत आली. ती वेंगुर्ल्याकडची. इतकी वर्षं गोव्यात काढून बोलणं मात्र तिकडचंच. मुलगा मुरगावला बार्जवर होता. तिथलं काम कधी आहे कधी नाही, असं झालं तेव्हा त्याने परदेशी जाणाऱ्या जहाजासाठी खटपट सुरू केली. गेल्या वर्षी ती जमत आली. कागदपत्रं झाली, डॉक्टरी तपासणी झाली, पोलिसांचा दाखला तेवढा यायचा होता. वहिनी त्या दाखल्याची वाट बघत होती आणि मी वहिनीच्या चेहऱ्यावरची काळजी बघत होतो.

त्या सुमारास रविवार पुरवणी बघणाऱ्या मुलीचा फोन आला. मुलगी चांगली आहे, मला सर म्हणते. म्हणाली, "सर, तुमच्याच गावात ब्लॅक मास झालाय. फोटो पाठवलाय. ब्लॅक मासच्या इतिहासावर अर्धं पान द्याल?"

फोटो माझ्या फोनवर अंगठ्याएवढा दिसत होता. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वळणावरचा खुरीस, म्हणजे चौथऱ्यावरचा दगडी क्रूस, मी ओळखला. त्याच्या चौथऱ्यावर काहीबाही पडलं होतं आणि फोटोवर त्याभोवती कुणीतरी लाल वर्तुळं काढली होती. विमानतळ झाल्यापासून मोप्याहून किनाऱ्याकडे जाणारी भाड्याच्या स्कूटरवरची मंडळी त्या वळणावरून सारखी जात असतात. त्यातल्याच कुणीतरी फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो गोवाभर फिरला. मी चष्मा न पुसताच लिहायला बसलो. हा विषय मला झोपेतही लिहिता आला असता.

लिहिलं ते असं. ब्लॅक मासची गोष्ट ती करणाऱ्यांनी सांगितलेली नाही, ती आरोप करणाऱ्यांनी सांगितलेली आहे. अगदी सुरुवातीला रोमन लोक ख्रिस्ती लोकांबद्दलच म्हणत की हे अंधारात जमतात, मूल मारून खातात. पुढे ख्रिस्ती धर्माच्या हाती सत्ता आली, तेव्हा तीच गोष्ट तशीच उचलून पाखंडी ठरवलेल्यांवर लादली गेली, मग ज्यूंवर, मग चेटकिणी म्हणून पकडलेल्या बायकांवर. छळ करताना विचारायचं, तू पाव तुडवलास का? बाई नाही म्हणाली की आणखी छळायचं. हो म्हणाली की लिहून घ्यायचं, आणि तो पुरावा. फ्रान्सच्या एका राजाच्या काळात दरबारातल्या बायका, एक भविष्य सांगणारी बाई आणि काही पाद्री अशा प्रकरणात सापडले खरे. पण त्यात खरं किती आणि कोठडीतलं किती, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण राजाने नंतर त्यातले महत्त्वाचे कागद जाळून टाकले. त्यानंतर कादंबऱ्या लिहिणारे आले. त्यांनी ही गोष्ट इतकी रंगवली की वाचून काही हौशी लोकांनी खरोखरच करून पाहिली. म्हणजे आधी आरोप झाला, गुन्हा त्यावरून घडला.

शेवटी आपल्याकडचंही थोडं लिहिलं. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश, सालसेतमध्ये, इन्क्विझिशनच्या काळात तुळशीला पाणी घालणं हादेखील गुन्हा होता. पेडणे-डिचोली पोर्तुगीजांकडे बऱ्याच उशिरा गेले म्हणून ते आमच्या वाट्याला फारसं आलं नाही. इथे देवळाचा राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, आणि वळणावरचा खुरीस एकाच रस्त्यावर सुखाने नांदत आले. एवढं लिहून पाठवलं आणि वामकुक्षी घेतली.

रविवारी सकाळी वहिनीने नेहमीसारखा चहा आणि वर्तमानपत्र आणून दिलं. नेहमी ती देऊन आत जाते. त्या दिवशी उभी राहिली. पुरवणीच्या पहिल्या पानावर तो फोटो अर्धं पान व्यापून होता. माझं लिखाण खाली उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसवलं होतं. मथळा होता, 'चोपड्यात सैतानाची पूजा?' तेवढं प्रश्नचिन्ह टाकलं की झालं, सगळ्यांची सुटका.

"भावजी, ह्यां तुमी लिवलास?" वहिनीने विचारलं.

"खालचं माझं. मथळा त्यांचा."

"आणि फोटोतलां माझां."

मी चष्मा पुसला. केळीचं पान, त्यावर मोडलेला उंडो, म्हणजे इथला गोल पाव, विझलेली मेणबत्ती, काळ्या कोंबड्याची पिसं. शेजारी काचेचा ग्लास, त्यात लाल काहीतरी. ग्लासच्या काठाला निळी रेघ. तो दादाचा ग्लास होता. सणासुदीला तो त्यातून थोडी घ्यायचा. तो गेल्यावर वहिनीने फडताळात वर ठेवून दिलेला. त्या मोठ्या फोटोत ग्लासवरचा ओरखडासुद्धा दिसत होता.

वहिनी खुर्ची ओढून बसली. माझ्यासमोर ती सहसा बसत नाही. मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मुलगा रात्रपाळी करून मुरगावहून मोटारसायकलवर येत होता. वळणावर डोळा लागला आणि गाडी चौथऱ्यावर आदळली. त्याला कोपराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. खुरसाचा एक हात मात्र तुटून पडला. मला त्या वेळी गाडी नदीकाठी घसरली एवढंच सांगण्यात आलं होतं. दुसऱ्या दिवशी खुरीस तोडला म्हणून बोभाटा झाला, फलक लागले, अज्ञात इसमांविरुद्ध तक्रार झाली. मुलगा जाऊन सांगायला निघाला होता, पण वहिनीने त्याला उंबरठ्यावर अडवलं. एवढी माणसं तापली असताना त्याला पुढे घालायची तिची छाती झाली नाही.

"त्या खुरसान माझ्या झिलाचो अपघात आपल्या हातार घेतलो," ती म्हणाली. "मग माका त्याचां कायतरी करूक नको?"

म्हणून दर अमावास्येला तिन्हीसांजेला ती जाऊन ठेवून येई. आमच्या वाड्याच्या राखणदाराला रोट लागतो. रोट म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड भाकरी. सोबत थोडी दारू, एक विडी, वात. वहिनीला हे सगळं लहानपणापासून पाठ. प्रश्न पडला तो वळणावरच्या राखणदाराचा.

"तो किरिस्तांव. त्याका रोट कसो चलतलो?" ती म्हणाली. "त्यांच्या इगर्जीत पाव देतत आणि वाइन पितत. म्हटलां, त्याच्या तोंडाक आवडता तां दिवचां."

तर रोटाच्या जागी उंडो आला, दारूच्या जागी पोर्ट वाइन, वातीच्या जागी मेणबत्ती. वाइन ती पूल ओलांडून शिवोलीच्या दुकानातून आणायची, चोपड्यात कुणी बघू नये म्हणून. विडी तिने स्वतःच्या अकलेने वगळली, कारण पाद्री विडी ओढताना तिला कधी दिसला नव्हता. या वेळी जहाजाचं नक्की होत आलं म्हणून कोंबडा जास्तीचा. तो तिने तिथे दाखवला, मानेची चार पिसं ठेवली आणि घरी आणून रांधला. दुसऱ्या दिवशी मी सागोती आणि वडे चांगले हाणले होते, आणि रसा झकास झालाय असंही म्हणालो होतो. म्हणजे ज्या ब्लॅक मासवर मी अर्धं पान लिहिलं, त्याचा प्रसाद जेवून मी लिहायला बसलो होतो.

मला हसू आलं. वहिनीला आलं नाही. ती म्हणाली, हवालदार काल दोन घरं सोडून विचारून गेला. जुनी तोडफोड आणि हे, दोन्ही एकाच माणसाचं काम असं त्यांना वाटतंय. आपण गप्प राहावं तर ज्याने पोराला वाचवलं त्याच्या नैवेद्याला लोक घाण म्हणतायत, आणि आपण ऐकून घेतोय. बोलावं तर पहिला प्रश्न येणार, हे का करत होतीस? मग गाडी आली, तुटलेला हात आला, पोराचं नाव आलं. त्या नावापुढे दाखला कोण देणार?

"माका कायच सुचणा नाय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या आणि घरातली एक बातमी मला हाताळता येत नव्हती, याने मी खचलो.

संध्याकाळी अंदाज घ्यायला म्हणून वळणावरच्या घरी गेलो. खुरीस त्या घराच्या मालकीचा. घरात एकटी म्हातारी राहते, सगळे तिला माय म्हणतात. ती डोळ्याला हिरवं फडकं बांधून जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, बसली होती. म्हापशाला लेकीकडे राहून मोतीबिंदू काढून कालच परत आली होती. मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो, तशी तिने मला थांबवलं.

"बाब, हांव जनेलांतल्यान सगळें पळयतां," ती म्हणाली. "तुझी वहिनी येता, दवरता, वता. दुसऱ्या दिसा सकाळीं उंडो हांव कोंबयांक घालतां. गिलास धुवन उमथो दवरतां."

दवरता म्हणजे ठेवते, उमथो म्हणजे पालथा. मी विचारलं, "का?"

"दुसऱ्यालो गिलास म्हेळो परत दिवप बरें न्हय."

मला एकदम आठवलं, सकाळी वहिनी काय म्हणाली होती. दर वेळी दुसऱ्या दिवशी ती ग्लास आणायला जायची, तेव्हा पानावर काही उरलेलं नसायचं आणि ग्लास स्वच्छ, पालथा ठेवलेला. त्यालाच ती कौल समजत होती. राखणदाराने घेतलं, पावला, म्हणून पुढच्या महिन्याचं बळ. या अमावास्येला माय म्हापशाला होती, कुणी आवरलं नाही, आणि सकाळी स्कूटरवाला आला. म्हणजे दोन वर्षं हे चालू होतं ते एका म्हातारीच्या भांडी विसळण्याच्या सवयीमुळे झाकलेलं राहिलं होतं.

"मोटारसायकलही बघितलीत?" मी भीत भीत विचारलं.

मायने मान हलवली. मुलगा तुटलेला दगडी हात कुशीत घेऊन रडत बसला होता, मग त्याने तो चौथऱ्यावर नीट ठेवला आणि गाडी ढकलत गेला, इतकं तिने पाहिलं होतं. कुणाला बोलली नव्हती. "भुरगो जिवो घरा गेलो," ती म्हणाली. "हात फातराचो. तो परत बसयतां येता." आणि मग, मी उठलो तेव्हा, "शेनवारा लादाइनीक यो."

लादाइन म्हणजे खुरसासमोरची सामुदायिक प्रार्थना. दर मे महिन्यात होते. आम्ही हिंदू शेजारीही मागे उभे राहतो, शेवटी उकडलेले चणे खातो. ही मात्र अवेळी ठेवली होती, झाल्या प्रकाराचं परिमार्जन म्हणून. माणसं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. पाद्री आला होता, हवालदार होता, पंचायतीचे लोक होते, आणि फोन वर धरलेली अनोळखी पोरंही होती. वहिनीला मी येऊ नकोस म्हणालो होतो. ती माझ्या आधी जाऊन उभी होती. तिचा चेहरा बघून मला कळलं की ती बोलणार आहे. मुलगा तिच्या शेजारी मान खाली घालून उभा होता. त्यालाही कळलं असावं.

प्रार्थना संपली. पाद्री दोन शब्द बोलला, शांतपणे, कुणावर न घसरता. मग त्याने विचारलं, कुणाला काही माहीत असेल तर सांगावं. वहिनीने एक पाऊल पुढे टाकलं. मी तिचा हात धरला नाही. धरायला हवा होता की नको, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण माय तिच्या आधी बोलली. काठी टेकत, हिरव्या फडक्यासकट ती चौथऱ्यापाशी गेली आणि म्हणाली, उंडो माझा, वाइन माझी. खुरीस माझ्या घराचा, माझ्या नवऱ्याच्या आठवणीला मी इथे काय ठेवावं ते मी ठरवीन. पिसं? मुंगसाने कोंबडी नेली, त्याला जाऊन विचारा. आणि खुरसाचा हात? दगड जुना, माझ्यासारखाच. जुनं मोडतं. हवालदाराने हातातलं पेन खिशाला लावलं. फोन धरलेली पोरं हिरमुसली. पाद्री मायकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "चणे वांटात." मला वाटतं, त्याला समजलं होतं.

लोक पांगल्यावर मी मायच्या पायरीवर बसलो. मनात जे होतं ते सांगून टाकलं, की तुमचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही. तिने हात झटकला.

"तिणें दवरलें जाल्यार काळें मीस," ती म्हणाली. "हांवें दवरलें जाल्यार म्हातारेचें पिशेपण. पिशेपणाक पुलीस येना."

पिशेपण म्हणजे वेडेपणा. इतिहासाचं माझं सगळं अर्धं पान तिच्या या तीन वाक्यांत बसत होतं. ते मी पुरवणीला पाठवलं नाही.

दाखला आला. मुलगा जहाजावर गेला. जाताना पहाटे तो एकटा वळणावर थांबला होता, टॅक्सीवाल्याने मला नंतर सांगितलं. पंचायतीने खुरसावर कॅमेरा बसवला, तो पहिल्या गडगडाटातच बंद पडला. पण वहिनीने आता तिकडे फिरकायचं नाही, असं मायने बजावलं. वहिनीच्या नावाने काही महिने मायनेच ठेवलं. वहिनी दर वेळी मला बघून यायला पाठवी आणि मी येऊन सांगे, ग्लास पालथा होता. तो कोण धुतं, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

पावसाआधी मायची लेक येऊन तिला कायमची म्हापशाला घेऊन गेली. निघताना मायने मला हाक मारली आणि दादाचा ग्लास हातात दिला. बाकी काही नाही, एवढंच म्हणाली, "गिलास धुवपाक विसरूं नाका."

तेव्हापासून अमावास्येला संध्याकाळी वहिनी माझ्या पिशवीत उंडो, मेणबत्ती आणि वाइन घालते. दादाचा ग्लास जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून देते. मी फिरायला म्हणून निघतो आणि ठेवून येतो. माझा राखणदारावर विश्वास नाही, खुरसावर नाही, सैतानावर तर नाहीच. गुडघे दुखतात आणि वाकताना कुणी बघेल म्हणून जीव धसकतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा जातो. उंडो कावळ्यांना टाकतो, मायच्या विहिरीच्या पाण्याने ग्लास धुतो, चौथऱ्यावर पालथा ठेवतो आणि थोडा वेळ उभा राहून मग उचलतो. ते थोडा वेळ ठेवणं कशासाठी, ते मला विचारू नका. वहिनीला खोटं सांगायचं नसतं, एवढंच.

घरी येतो तेव्हा वहिनी चुलीपाशी असते. मागे न बघता विचारते, "धुतलेलो होतो?"

"होय."

"पालथो?"

"पालथो."

मग ती हात पुसते, फोन घेते आणि कुठल्यातरी समुद्रावर असलेल्या पोराला सांगते, "भिया नको. तो आसा तुझ्यावांगडा, सोबतीक."

मी चहा ओतून घेतो.